नाशिक ते शहाजहानपूर बॉर्डर : जत्थ्यासोबतचे दिवस

२१ डिसेंबर २०२०, सोमवार

केंद्राच्या तीन नव्या शेती कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या बॉर्डरवर शेतकरी बसलेत, त्यांना साथ द्यायला नाशिकहून गाड्यांचा जत्था निघणार होता. त्यात जायचं की नाही हे आदल्या रात्रीपर्यंत ठरत नव्हतं. आईचं म्हणणं एकच, घरात एक जीव गेलाय तेवढं पुरे. दोन दिवस आधीच देशातल्या केसेसनी १ कोटीचा आकडा ओलांडलेला, आणि इंग्लंडमध्ये कसला तरी नवीन प्रकार सापडलाय म्हणून टीव्हीवर परत तेच सगळं सुरू झालं होतं. पण मामा म्हणाला मी जाणार, एकटा जाणार, तुम्ही कोणी येऊ नका. मग मी ऑफिसला सुट्टी टाकली (मार्चपासून गावाकडूनच काम करतेय) आणि बॅग भरली. मामाला एकटं सोडायचं नव्हतं हे खरं कारण. दुसरं कारण हे की मलाही जायचं होतं.

मामाबद्दल थोडं सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. मामा म्हणजे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा जुना बिल्लावाला माणूस, १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनात वीस वर्षांचा होता तेव्हा रस्त्यावर बसलेला. आयुष्यभर एकच बोलत आला, सरकारने आमच्या मालातून हात काढावा, बाकी काही नको. संघटनेने तर या तीन कायद्यांना पाठिंबा दिलेला. आणि तोच मामा लाल टोप्यांच्या, डाव्या किसान सभेच्या जत्थ्यात निघालेला. गावात लोकांनी विचारलं त्याला, तू इकडे कसा? तो कोणाला काही बोलला नाही.

सप्टेंबरमध्ये मामी गेली. कोरोनाने. १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली, बाजार खाली आला, आणि बरोबर त्याच आठवड्यात मामाने साठवणीच्या चाळीतला कांदा आहे त्या भावात काढला कारण हॉस्पिटलला डिपॉझिट भरायचं होतं. ऑक्सिजनचा बेड मिळेना म्हणून २० सप्टेंबरला, रविवारी, आम्ही दिवसभर गाडी घेऊन फिरत होतो, आणि त्याच दिवशी राज्यसभेत ही बिलं आवाजी मतदानाने पास झाली. विरोधक मतविभागणी मागत होते, ती दिली नाही. दोन दिवसांनी अत्यावश्यक वस्तूंच्या कायद्यातला बदलही पास झाला, म्हणजे कांदा त्यातून बाहेर काढला असं म्हणायचं, आणि निर्यात मात्र बंद ठेवायची, आणि महिन्याभरात व्यापाऱ्यांवर २५ टनांची स्टॉक लिमिट पण लावायची. मामा म्हणतो मोकळीक देतो म्हणणारे आठ दिवससुद्धा मोकळं ठेवू शकले नाहीत. त्याचा राग कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा ते कधी आणि कसं आणलं यावर जास्त आहे. जूनमध्ये अध्यादेश काढले तेव्हा आम्ही सगळे घरात कोंडलेले. कोणी कोणाला भेटू शकत नव्हतं. तेव्हाच का?

सकाळी नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर पोचलो तेव्हा गर्दी बघून माझ्या पोटात गोळाच आला. नऊ महिन्यांत इतकी माणसं एका जागी पाहिलीच नव्हती. टेम्पो, पिकअप, क्रूझर, सगळ्यांवर ताडपत्री आणि लाल झेंडे, आत गोधड्या, पातेली, तांदळाच्या गोण्या. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, त्र्यंबक, तिकडे पालघर-तलासरीकडची पण माणसं. स्टेजवर किसान सभेचे नेते अशोक ढवळे, अजित नवले, गावित सर. २०१८ मध्ये नाशिकमधूनच मुंबईला लाँग मार्च निघाला होता, १८० किलोमीटर चालत, त्यातल्या बऱ्याच बायका यावेळी परत आलेल्या. मास्क निम्म्यांना होते, तेही गळ्यात. खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते. मी दोन मास्क लावून एका कोपऱ्यात उभी राहिले.

आमच्या क्रूझरमध्ये मामा, मी, ड्रायव्हरदादा, चांदवडकडचे दोघं भाऊ, आणि सुरगाण्याच्या चार बायका कारण त्यांच्या टेम्पोत जागा उरली नव्हती. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी माझ्या शेजारी. बसल्या बसल्या मी ऑक्सिमीटर काढला. हा मामीसाठी घेतलेला, अजून त्याच निळ्या पाऊचमध्ये. मामाने पाहिला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मी सगळ्यांना सांगितलं की रोज संध्याकाळी सगळ्यांचं बोट बघणार, ज्याचं ऑक्सिजन ९४ च्या खाली जाईल त्याला घेऊन मी परत फिरणार. आजींनी विचारलं, यात सुई असते का? नाही म्हटल्यावर लगेच बोट पुढे केलं.

ओझर, पिंपळगाव करत संध्याकाळी चांदवड. अंधार पडता पडता कोणीतरी ओरडलं वर बघा, पश्चिमेला गुरू आणि शनी इतके जवळ आलेले की एकच चांदणी वाटत होती. अख्खं मैदान दोन मिनिटं वर बघत उभं. मग खिचडी. रात्री कळलं की उद्यापासून राज्यातल्या महापालिकांच्या हद्दीत रात्रीची संचारबंदी.

२२ डिसेंबर, मंगळवार

उमराणे, मालेगाव, धुळे. रस्त्यात लोक पाण्याच्या बाटल्या, केळी, मुरमुऱ्यांच्या भत्त्याच्या पिशव्या खिडकीतून आत टाकत होते, आणि मी प्रत्येक पिशवीला सॅनिटायझर मारत होते, शेवटी बाटलीच संपली.

गाडीत दिवसभर वादावादी. चांदवडच्या भावांपैकी धाकट्याचं म्हणणं, पंजाबला हमीभाव मिळतो म्हणून त्यांना भीती, आपल्या कांद्याला कुठे हमीभाव आहे, आपण कशाला जायचं? आणि बाजार समितीच्या बाहेर विकायची मुभा तर आपल्याकडे २०१६ पासून आहे, फळं-भाजीपाला तेव्हाच नियमनमुक्त झाला. थोरला म्हणाला हो ना, झाला, आणि द्राक्षवाला व्यापारी बागेतून माल उचलून पळून गेला तेव्हा तू कोणाकडे गेलास? कोणाकडेच नाही. आता नव्या कायद्यात तक्रार घेऊन प्रांताधिकाऱ्याकडे जायचं, कोर्टात जायचंच नाही. तू जाशील प्रांताकडे त्या व्यापाऱ्याच्या विरोधात? धाकटा गप्प झाला. मला वाटतं हा मुद्दा आपल्याकडे पुरेसा कोणी मांडलाच नाही. सगळी चर्चा हमीभावावर आणि पंजाबवर, आणि आपल्या लोकांना वाटलं हे आपलं नाहीच.

आजी मध्येच म्हणाल्या, आमच्याकडं तर सातबाराच नाही, जमीन कसतो पण फॉरेस्टची, वनहक्काचा दावा किती वर्षं पडून आहे. मग तुम्ही कशासाठी आलात, मी विचारलं. तर म्हणाल्या, लॉकडाऊनला मजुरी बंद झाली तेव्हा माणशी पाच किलो फुकट धान्य मिळालं त्यावर जगलो, ते नोव्हेंबरात थांबलं. सरकारनं शेतकऱ्याकडून धान्य घेतलंच नाही तर रेशनला कुठून येईल? कोणी त्यांना हे पाठ करून दिलेलं नव्हतं. पाच किलोचा हिशोब त्यांचा स्वतःचा होता.

शिरपूरच्या पुढे, पळासनेरच्या अलीकडे मुक्काम. थंडी वाढलेली. संध्याकाळची तपासणी, आणि आजींचं आलं ८४.

माझे हातपाय गार पडले. परत लावला, ८६. परत लावला तर नुसत्या रेघा. मामाचं तोंड पांढरं पडलेलं, कारण मामीचं पण असंच अचानक खाली गेलं होतं. आजी मात्र मस्त बोलत होत्या, धाप नाही, खोकला नाही. मग ड्रायव्हरदादा म्हणाला ताई हात बघा त्यांचा केवढा गार आहे. खरंच बर्फ. आणि बोटांची टोकं अशी की नागलीची कापणी, लाकडं, चूल यांनी कातडं जाड आणि भेगाळलेलं. मी त्यांचा हात दोन्ही हातात घेऊन चोळत बसले, चुलीजवळ नेला, परत चोळला, पाच-सात मिनिटं, आणि मग करंगळीला लावला. ९७. मामा उठून अंधारात निघून गेला आणि बऱ्याच वेळाने आला.

नंतर मला जाणवलं की नऊ महिन्यांत घरच्यांना सोडून मी पहिल्यांदाच कोणाचा हात हातात घेतला होता.

२३ डिसेंबर, बुधवार

बिजासन घाट चढून मध्य प्रदेशात. सेंधव्याला चहा. आज किसान दिवस, चौधरी चरणसिंगांची जयंती, दिल्लीच्या बॉर्डरवरून आवाहन होतं की देशभर सगळ्यांनी एक वेळचं जेवण सोडावं. आमच्या गाडीत सगळ्यांनी दुपारचं सोडलं, आजींनी सुद्धा, मी नको नको म्हणत असताना. खलघाटला नर्मदा आली तशी बायकांनी गाडी थांबवायला लावली, पुलावर थांबता येत नाही म्हणून पलीकडे उतरून हात जोडले, नर्मदे हर. पाणी शांत, वर धुकं.

बायकांच्या संडासाचा प्रश्न मात्र फार वाईट. पेट्रोल पंपवाले एवढ्या गाड्या बघून कुलूप लावायचे, एकाने कारण दिलं कोरोना. मग उसाच्या कडेला, एकमेकींना आडोसा धरून. पुढच्या वेळी कोणी असं काही काढणार असेल तर पहिली ही व्यवस्था करा अशी हात जोडून विनंती आहे, कारण बायका पाणी पिणंच बंद करतात, आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

इंदूर बायपास, देवास, आणि रात्री शाजापूरच्या पुढे. सगळ्यांचं ९५ च्या वर.

२४ डिसेंबर, गुरुवार

नुसता प्रवास. ब्यावरा, राजगड, झालावाड, कोटा. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, नजर जाईल तिथपर्यंत पिवळं. मामा दोनदा उतरून वावरात जाऊन आला, पेर कधीची, पाणी किती, कोणाशी तरी बोलला, भाषा अर्धी कळली असेल.

२५ डिसेंबर, शुक्रवार

पहाटे तीनला निघालो. जयपूरच्या पुढे कोटपुतली, बहरोड, आणि मग ट्रकांची रांग, आणि मग ट्रॅक्टर. शहाजहानपूर हे अलवर जिल्ह्यात, राजस्थानचं शेवटचं गाव, पुढे हरियाणा. हरियाणा पोलिसांनी जयपूर-दिल्ली हायवेवर सिमेंटचे ठोकळे आणि कंटेनर आडवे लावलेले, आणि त्याच्या अलीकडे डांबरावरच गाव वसलेलं. १२-१३ तारखेपासून लोक इथे बसलेत. श्रीगंगानगर, हनुमानगड, सीकर, झुंझुनू, हरियाणाची गावं. योगेंद्र यादव, अमरा राम हे आंदोलनाचे नेते इथेच तंबूत राहतात.

आमचा जत्था पोचला तेव्हा जे झालं ते मी लिहून सांगू शकत नाही नीट. दोन्ही बाजूंना लोक उभे, फुलं, घोषणा, एक पगडीवाले बाबा प्रत्येक गाडीच्या खिडकीत वाकून हात जोडत होते. आमच्या खिडकीशी आले, आजींच्या पायातल्या चपला बघितल्या, पाय उघडे, थंडीने काळेनिळे, आणि काही न बोलता गेले आणि पाच मिनिटांनी लोकरी मोज्यांचे दोन जोड घेऊन आले. बाराशेच्या वर किलोमीटर, पाच दिवस. आजींनी मोजे घातले आणि बोटं हलवून बघितली. आयुष्यात पहिल्यांदा घातले म्हणाल्या.

त्याच दिवशी दुपारी टीव्हीवर पंतप्रधानांचा कार्यक्रम, ९ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात १८ हजार कोटी, दोन-दोन हजाराचा हप्ता. मामाच्या मोबाईलवर पण मेसेज आला. त्याने मला दाखवला. म्हणाला, हे बघ, मी हायवेवर बसलोय हे यांना माहीत नाही, खातं नंबर तेवढा माहीत आहे.

रात्रीची थंडी आपल्या कल्पनेतली नाही. ट्रॉलीखाली भाताचा पेंढा, त्यावर गोधडी, वर ताडपत्री, आणि तरी जमिनीतून गारठा हाडात चढतो. मी सगळे कपडे घालून झोपले आणि झोपलेच नाही.

२६ डिसेंबर, शनिवार

सकाळी लंगरला हात लावायला गेले. एक बाई पीठ मळत होत्या, माझा मास्क बघून त्यांनी स्वतःची ओढणी तोंडावर घेतली आणि हसल्या. त्या गंगानगरकडच्या. मी विचारलं तुम्हाला कोरोनाची भीती नाही वाटत? त्या मळायच्या थांबल्या. त्यांचा दीर ऑगस्टमध्ये गेलेला. म्हणाल्या भीती वाटते, रोज वाटते, पण घरी बसलो असतो तर जमीन जायची भीती वाटली असती, ती याच्यापेक्षा मोठी आहे. मग परत पीठ मळायला लागल्या.

हे मला सगळ्यांना सांगायचंय. इथे यायच्या आधी मी पण कुठेतरी मनात धरून होते की या लोकांना रोगाचं कळत नाही म्हणून एवढी गर्दी करतात. असं काही नाही. जवळपास प्रत्येकाच्या घरात किंवा गल्लीत कोणीतरी गेलेलं आहे. कोपऱ्यात डॉक्टर पोरांचा कॅम्प, बीपी, शुगर, ताप बघतात, काढा वाटतात, म्हाताऱ्यांना वेगळं झोपवतात. जे जमेल ते करतात. गर्दी करू नका हे ज्यांनी सांगायचं त्यांनीच बिहारच्या निवडणुकीत सभा भरवल्या, आणि संसदेचं हिवाळी अधिवेशन मात्र कोरोनामुळे घ्यायचं नाही असं ठरवलं. सभागृहात बोलायची जागाच ठेवली नाही तर माणूस रस्त्यावर येणार नाही तर कुठे जाणार?

दुपारी राजस्थानचे खासदार हनुमान बेनीवाल मोठी गर्दी घेऊन आले आणि सत्ताधारी आघाडी सोडल्याचं इथेच जाहीर केलं. त्या गर्दीत मात्र मी गेले नाही, आजींना पण जाऊ दिलं नाही. आम्ही लांब ट्रॉलीवर बसून ऐकलं.

संध्याकाळची तपासणी आता वाढत वाढत शेजारच्या दोन तंबूंपर्यंत गेलेली. आधी हात चोळायचे, मग बोट. एक म्हातारे फौजी, एक कॉलेजचा पोरगा, गंगानगरच्या त्या बाई. चोळता चोळता सगळे आपलं घरचं सांगतात.

२७ डिसेंबर, रविवार

आज अकराला मन की बात. सगळ्या बॉर्डरवर ठरलं होतं की भाषण चालू असेपर्यंत थाळ्या वाजवायच्या. सकाळपासून लंगरच्या ताटांची जमवाजमव.

२२ मार्चला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी पाच वाजता मामीने अंगणात उभं राहून परात वाजवली होती. लाटण्याने. आम्ही सगळेच वाजवत होतो, डॉक्टर-नर्सेससाठी, मनापासून. मामीने तर एवढी वाजवली की परातीला पोचा आला, त्यावरून आई तिला हसली होती. ते मला आठवत होतं पण मामाला आठवत असेल का, विचारायची हिंमत नव्हती.

अकरा वाजले आणि एकदम हायवेभर आवाज उठला, ताटं, डबे, पिंप, ट्रॅक्टरचे बोनेट. मामाने पिशवीत हात घातला आणि परात काढली. तीच, पोचा आलेली. सहा दिवस पिशवीच्या तळाशी होती आणि मला माहीत नव्हतं. लाटणं पण आणलेलं. तो वाजवत होता आणि रडत होता, सगळ्यांसमोर, आणि आजूबाजूचे वाजवत होते आणि कोणी त्याच्याकडे टक लावून बघितलं नाही. आजी त्याच्या शेजारी उभ्या राहून आपलं जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) ताट वाजवत राहिल्या. अर्धा तास.

नंतर त्याने परात पुसली, परत पिशवीत ठेवली आणि चहा प्यायला.

२८ डिसेंबर, सोमवार

आम्ही निघालो, कारण उन्हाळ कांद्याची लागण खोळंबली होती, रोप जास्त वाढून चालत नाही, आणि यावर्षी उळं (कांद्याचं बी) इतकं महाग होतं की ते वाया घालवणं शक्य नाही. सुरगाण्याच्या बायका राहिल्या, जत्थ्यातल्या दुसऱ्या गाडीने येणार. ऑक्सिमीटर मी डॉक्टर पोरांच्या कॅम्पमध्ये द्यायला गेले, त्यांच्याकडे तीन होते, म्हणाले तुम्ही ठेवा, घरी गेल्यावर लागेल. आजींनी निघताना माझा हात धरला आणि उलट माझीच बोटं चोळली.

रात्री मोबाईलला रेंज आली तशी बातमी, १ जानेवारीपासून कांद्याची निर्यात खुली. मामाने मला दोनदा वाचायला लावली. साडेतीन महिने. चाळीत कांदा होता तेव्हा बंद, संपल्यावर खुली. ड्रायव्हरदादा म्हणाला चला, काहीतरी चांगलं झालं. मामा म्हणाला, लाल कांदेवाल्यांचं होईल चांगलं, होऊ दे. आणि डोळे मिटून बसला.

४ जानेवारी २०२१, सोमवार

३० तारखेला पहाटे घरी पोचलो. आई, आजोबा घरात, म्हणून मी थेट चाळीत. आमची कांद्याची चाळ या दिवसांत रिकामीच असते, खाली स्वच्छ झाडून घेतलं, खाट टाकली, चार्जिंगला वायर ओढली. मामा पलीकडच्या पंपाच्या खोलीत. आई दारात डबा ठेवून लांब उभी राहते. बांबूच्या फटीतून सगळीकडून वारा येतो, रात्री जाम थंडी, पण शहाजहानपूरनंतर ही थंडी काहीच नाही. ताप नाही, खोकला नाही, वास येतो. दहा दिवस पूर्ण झाल्याशिवाय घरात जायचं नाही असं ठरवलंय. चांदवडच्या धाकट्याला दोन दिवस कणकण होती, टेस्ट केली, निगेटिव्ह आली. सुरगाण्याच्या आजींकडे फोन नाही, त्यांच्या नातवाचा नंबर घेतलाय, रेंज असली की लागतो. आजी पोचल्या, बऱ्या आहेत, मोजे अजून काढत नाहीत म्हणतो.

आज दिल्लीत सरकार आणि शेतकरी नेत्यांच्या चर्चेची सातवी फेरी होती. दुपारपासून मोबाईल बघतेय. काही निघालं नाही, आता ८ तारखेला परत. मामाला सांगितलं तर त्याने नुसती मान हलवली.

वावरात लागण चालू आहे, बायका ओळीने वाकलेल्या, सगळ्यांच्या तोंडाला पदर. मामा मास्क लावून बांधावर लांब उभा, तिथूनच रोपाच्या जुड्या मोजतो. पाच वाजले की तो चाळीकडे बघून हात वर करतो, म्हणजे किती आलं? ओरडून ऐकू जात नाही. मग मी आधी बोटं चोळून गरम करते, ऑक्सिमीटर लावते, आणि दारात येऊन दोन्ही हात वर करून दाखवते, आधी नऊ बोटं, मग आठ.